झाकण काढणाऱ्या बाई

डाव्या हाताने पदर नाकाला, उजव्या हाताची तर्जनी समोरच्या वस्तूवर रोखलेली, आणि पदराआडून दबका हुकूम: "झाकण काढा."

आमच्या शाळेतल्या सायन्सच्या बाई मला आठवतात त्या अशाच. परवा निहारने फोनवर त्याचा बिघडलेला चार्जर फोडून दाखवला. आत इवलीशी हिरवी पट्टी, तिच्यावर तांब्याच्या तारेचं रीळ, दोन-चार बारके डबे आणि सगळ्यांवर पसरलेला पिवळट, चिकट गोंद. रेवाने नाक धरलं आणि तुम्ही दोघं एका सुरात "ईऽऽ" म्हणालात. इथे ग्वाल्हेरात तुमच्या आजीला खुर्चीत बसल्या बसल्या बाई दिसल्या. म्हणून हे लिहायला घेतलं. अक्षर सुवाच्य काढते आहे, म्हणजे आईला मधे न घालता तुमचं तुम्ही वाचाल.

बाईंचं नाव लिहीत नाही. आपलं नाव चारचौघांच्या तोंडी फिरलं की त्यांना ते उष्टं झाल्यासारखं वाटायचं.

मी तेव्हा नुकती बी.ए. होऊन इंग्रजी शिकवायला लागले होते. शाळा मुलींची, इथल्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी मंडळींनी काढलेली. पण वर्गात निम्म्या मुली "बाई" म्हणायच्या आणि निम्म्या "बहनजी". शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची बाईंच्या शेजारी. ती जागा त्यांनी स्वतः निवडली होती. माझ्या टेबलावर वह्या, दौत, पेन्सिली सगळं काटकोनात असायचं. बाकी खोलीकडे त्या पाठ करून बसायच्या.

त्यांचं घराणं दरबारच्या पुजाऱ्यांचं. राज्य विलीन झालं, वर्षासन बंद झालं. भाऊ सरकारी कचेरीत चिकटला आणि बाई बी.एस्सी. होऊन शाळेत आल्या. घरातलं सोवळं तेवढं विलीन झालं नव्हतं. ते त्यांनी प्रयोगशाळेत आणलं. परीक्षानळीला हात लावण्याआधी मुलींनी कोपरापर्यंत हात धुवायचे. तोंडाने पिपेट ओढायचं नाही. खडू बोटांनी धरायचा नाही, कागदाच्या पुंगळीत धरायचा.

त्यांना कशाकशाची किळस यायची ते विचारू नका. पडाव भागातल्या समोशांची, पाटणकर बाजारातल्या हलवायाच्या फडक्याची, थुंकी लावून पानं उलटणाऱ्या कारकुनांची, आमच्या चहाच्या कपांची. मला म्हणायच्या, "अगं, त्या कपाचा कान बघ. किती लोकांचा अंगठा लागलाय त्याला. तू पिऊन घे, मी बघत नाही."

दिवाळीला कोणी करंजी दिली की ती आधी मोडायची. नखाने सारण चाळवायचं, नाकाशी न्यायचं, मग एक तुकडा तोंडात. देणारीचा चेहरा पडायचा. बाईंना त्याचं काही वाटत नसे. "आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी खात नाही आणि शिकवतही नाही," असं त्या म्हणत, आणि दोन्ही बाबतींत ते खरं होतं. वर्गाचं कुलूप, गजराचं घड्याळ, माझं फाउंटन पेन, शिपायाच्या सायकलची घंटी, सगळं त्यांनी मुलींसमोर उघडलं होतं. परातीत सुटे भाग मांडायचे, शेजारी कोरडं फडकं, आणि मुलींना सांगायचं, "चला, निवडायला बसा." तांदळातले खडे निवडतात तसं. माझं पेन परत आलं ते पूर्वीपेक्षा चांगलं चालायला लागलं, हे मान्य केलं पाहिजे.

आता त्या दिवसांविषयी. मध्य भारत मोडून मध्य प्रदेश होत होता आणि राजधानी भोपाळला जाणार होती. तुमच्या पुस्तकात "राज्यपुनर्रचना" असा भारदस्त शब्द असेल. जवळून ती बिऱ्हाड हलवण्यासारखी होती, आणि बिऱ्हाड हलवताना माणसं जशी वागतात तशीच ती वागत होती. पंखा कोण नेणार, गालिचा कोणाचा, यावर वयस्क साहेब लोक हमरीतुमरीवर येत. कचेऱ्यांच्या भिंतींवर घड्याळाच्या जागी पांढरे गोल राहिले होते. ज्यांचे कंबरेचे मणके कालपर्यंत मुजरे करून झिजले, तेच आज नव्या साहेबासमोर त्याच कोनात वाकत होते, फक्त पगडीची टोपी झाली होती. अजूनही आठवलं की घोटभर पाणी प्यावं लागतं.

जे कोणालाच नको होतं ते शाळांना मिळालं. आमच्या वाट्याला तीन पायांची खुर्ची, फुटक्या काचेचं कपाट आणि एक काळी पत्र्याची पेटी आली. पेटी जेवणाच्या डब्याएवढी, पण दोन हातांनी उचलावी लागे. बंद झालेल्या कुठल्याशा वायरलेसच्या खोलीतून ती आली होती. भिंतीतल्या विजेचा जोर कमी करून, तिला एकाच दिशेने वाहायला लावून प्रयोगापुरती देणं हे तिचं काम. तुमचा चार्जर हेच करतो. तो तिचा पणतू.

पेटी फार मोलाची होती, कारण नव्या खात्याचे इन्स्पेक्टर तपासणीला येणार होते. मुलींच्या शाळेत सायन्सचा वर्ग ठेवायचा की बंद करायचा हे त्यांच्या हातात होतं. विजेचे प्रयोग चालू स्थितीत असले पाहिजेत, ही अट. नाही तर ज्यांना सायन्स हवं त्यांनी मुलांच्या शाळेत जायचं. आणि मुलांच्या शाळेत मुलगी पाठवणारं घर त्या वेळी शोधावं लागलं असतं.

बिर्लानगरच्या गिरणी कामगारांच्या वस्तीतून एक मुलगी यायची, विमल. पूर्वज फौजेबरोबर दख्खनमधून आलेले, वडील कापड गिरणीत. वर्गात सगळ्यांत हुशार तीच. तिला नर्स व्हायचं होतं आणि त्यासाठी सायन्स हवं होतं. तिच्या वडिलांनी शाळेत येऊन उभ्या उभ्याच सांगितलं होतं, "बाईसाहेब, पोरगी शिकू दे तुमच्यापाशी. पोरांच्या शाळेत धाडणार नाही. बात खतम."

पेटी चालत होती. फक्त बटण दाबल्यावर थोड्या वेळाने तिला वास सुटायचा. सडक्या मुळ्याचा, त्यात जळक्या रबराची भर. मुली ओढणीत तोंड खुपसायच्या. "बहनजी, इसमें कुछ मरा पड़ा है," विमल म्हणाली. ती मराठीत सुरुवात करून हिंदीत संपवायची, किंवा उलट.

बाईंचा पदर नाकाला गेला, बोट पेटीकडे गेलं.

"बाई, तपासणी तोंडावर आहे," मी म्हटलं. "चालतेय ना? चालू द्या."

"आत मेलेलं असताना वर चालू राहतं, त्याला काय म्हणतात सांगू? सरकार. झाकण काढा."

शनिवारी शाळा सुटल्यावर परात मांडली. मीही थांबले, आणि थांबले नसते तर बरं झालं असतं. झाकण निघालं तसा वासाचा एक जाड लोट बाहेर आला. आत झुरळांची लेंडकं, कोळ्याची जळमटं, आणि एका कोपऱ्यात डांबराला चिकटून वाळलेली पाल, तोंड उघडं. सगळ्या तळावर ते काळं डांबर पसरलेलं, उष्णतेने ओघळून पुन्हा थिजलेलं, नाकातल्या मेकडासारखं. असं लिहू नये, पण दुसरी उपमा मला सुचत नाही.

"शी," बाई म्हणाल्या, आणि कामाला लागल्या. पाल चिमट्याने कागदावर गेली. मग एक एक भाग परातीत.

"हा ट्रान्सफॉर्मर. दोन वेटोळी, एकमेकींना शिवत नाहीत, तरी एकीतली वीज दुसरीत उतरते. सोवळ्यातलं वाढणं म्हण. या सेलेनियमच्या चकत्या. वीज इकडून जाईल, तिकडून परत येणार नाही. वास हिचा आहे, ही बघ, जळून फोड आलाय. आणि हे कंडेन्सर. रांजण. नळाला पाणी थांबत थांबत येतं, पण रांजण भरलेला असला की तोटीला धार एकसारखी. विमल, सांग बघू, आता कुठून कुठे?"

विमलने बोट फिरवत सांगितलं. भिंतीपासून ट्रान्सफॉर्मर, तिथून चकत्या, चकत्यांतून रांजण, रांजणातून आपली प्रयोगाची विजेची घंटी. एकदाही अडखळली नाही. त्या घाणीवर ओणवी झालेली ती पोर इतकी आनंदात होती की मी वासही क्षणभर विसरले. क्षणभरच.

बाईंनी परात फडक्याने झाकली आणि घरी नेली. "साफ करून आणते," एवढंच म्हणाल्या.

रविवारी मी त्यांच्याकडे इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक परत आणायला गेले. गच्चीवर दोन चादरी पसरलेल्या. एकीवर सांडगे, दुसरीवर पेटीचे सुटे भाग. बाईंनी डांबर उलथन्याने खरवडून काढलं होतं. वेटोळ्यांवरचा तपकिरी तेलकट कागद सोलून टाकला होता, "भज्यांचा असतो तसा, हात लावला की शिसारी येत होती." मग सगळे भाग मिट्टीच्या तेलात, म्हणजे रॉकेलमधे, बुडवून, मग रिठ्याच्या पाण्यात खळबळून, स्वच्छ पाण्याचा शेवटचा हात देऊन उन्हात वाळत घातले होते. तांबं नव्या समईसारखं चमकत होतं.

"बाई, हे धुतात का?" मी विचारलं.

"न धुता काय वापरतात ते सांग."

मी इंग्रजीची शिक्षिका. व्याकरणाचं पुस्तक घेऊन घरी आले.

जळकी चकती काढून त्यांनी पेटी पुन्हा जुळवली. इतकी देखणी पेटी मी पाहिली नाही. सोमवारी प्रयोगशाळेत मुली भोवती उभ्या राहिल्या. बटण दाबलं, आतून माशी अडकल्यासारखा आवाज आला, मग एक बारीकसा फट्, आणि धूर. तिसऱ्याच जातीचा वास. बाई तशाच उभ्या राहिल्या. पदर खांद्यावर होता. नाकाला न्यायचं त्यांना सुचलं नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मग त्या माझ्याजवळ येऊन हळू म्हणाल्या, "ती घाण नव्हती गं. पांघरूण होतं. तो कागद, ते डांबर. ओल लागू नये, तारेला तार भिडू नये म्हणून कोणीतरी हाताने घातलेलं. मला वर्गात शिकवता येतं हे. गच्चीवर मात्र मला फक्त चिकटपणा दिसला."

दुसरी पेटी मिळायला वेळ नव्हता. इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी उजाडताच आले.

गृहस्थ गोरेगोमटे, इस्त्रीचा कोट, आणि गालात पान. प्रयोगशाळेत शिरताच त्यांनी हात धुण्याच्या कुंडीत पिचकारी टाकली आणि रुमालाने ओठ टिपून तोच रुमाल मोठ्या बाईंसमोरच्या टेबलावर ठेवला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. भल्या होत्या, पण घाबरट. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मी काय म्हणते, सांगून देऊ की लाईट चालली गेली. त्यात काय." आणि सकाळी व्हरांड्यातला फ्यूज काढून त्यांनी आपल्या बटव्यात ठेवला होता.

इन्स्पेक्टरांनी पेटीकडे पाहिलं. "यह चालू है?"

"चालू आहे की," मोठ्या बाई म्हणाल्या. "आज लाईट नहीं है, साहेब. सुबह से चली गई."

"कोई बात नहीं. पेटी तो है." त्यांनी पेन उघडलं. त्यांना पुढच्या शाळेत जेवायला जायचं होतं. पेनाची एक रेघ, आणि वर्ग वाचला असता. मी विमलकडे पाहिलं. तिला फ्यूजचं माहीत नव्हतं. ती भोळेपणाने दिव्याकडे बघत होती.

"लाईट है," बाई म्हणाल्या. "फ्यूज निकाला हुआ है. और पेटी बंद है. मैंने धोकर खराब की."

इन्स्पेक्टरांचं पान चघळणं थांबलं. "धोकर?"

"गंदी थी."

"तो चालू थी?"

"गंदी थी, तब चालू थी. अब साफ़ है और बंद है. आपको जैसी देखनी हो, देख लीजिए."

मग त्यांनी झाकण काढलं, भाग परातीत मांडले आणि विमलला पुढे केलं. विमलने सगळं सांगितलं, भिंतीपासून घंटीपर्यंत. आणि डांबर का लागतं, तेही. इन्स्पेक्टरांनी ऐकून घेतलं. "लड़की होशियार है," असं म्हणाले, आणि प्रयोगसाहित्य बंद असा शेरा लिहून रुमाल उचलून गेले. वर्ग गेला.

तुम्हाला वाटेल, आजी आता बाईंच्या खरेपणाची आरती करणार. नाही. मला त्या दिवशी इन्स्पेक्टरांच्या पिचकारीची किळस आली, मोठ्या बाईंच्या बटव्याची आली, आणि सगळ्यांत जास्त बाईंची आली. मोठ्या बाई रडत म्हणाल्या ते मला पटलं होतं: "तुमचं सोवळं राहिलं हो. पोरींचं शिक्षण गेलं."

बाईंनी एवढंच उत्तर दिलं, "उद्यापासून रोज फ्यूज काढून शिकवलं असतं का मी?" पण ते कुंडीकडे बघत. त्यांनी ती कुंडी तेव्हाच धुवायला घेतली आणि बराच वेळ घासत राहिल्या.

त्यानंतरचं मला विमलने सांगितलं. रविवारी बाई बिर्लानगरला तिच्या घरी गेल्या. उघड्या गटारांवरून, डुकरांमधून, पदर नाकाला लावून. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वर्ग माझ्यामुळे गेला. विमलला मुलांच्या शाळेत पाठवा."

"तुम्हाला सांगितलं होतं ना, बाईसाहेब."

"मी सोबत जाईन. तास संपेपर्यंत मागच्या बाकावर बसेन."

"रोज?"

"रोज."

मग आतून विमलची आई म्हणाली, "बाई बसणार असतील तर जाऊ द्या की." तिथे पाण्याचा पेला पुढे आला तो मात्र बाईंनी घेतला नाही. तेवढं त्यांना जमलं नाही, आणि विमलची आई ते विसरली नव्हती.

विमल जाणार म्हटल्यावर आणखी दोघी-तिघींच्या घरून होकार आला. बाईंना आमच्या शाळेत आता शिवण आणि आरोग्य शिकवायला दिलं होतं. ते तास उरकून त्या दुपारी मुलींना घेऊन मुलांच्या शाळेत जायच्या. एकदा मोठ्या बाईंच्या कामासाठी मी तिथे गेले आणि ती प्रयोगशाळा पाहिली. कुंडीत विड्यांची थोटकं, भिंतीला पानाचे ओघळ, बाकांखाली शेंगांची टरफलं, बाकांवर चाकूने कोरलेलं काय काय. आणि शेवटच्या बाकावर बाई, खाली वर्तमानपत्र अंथरून, पाठ ताठ. जी बाई आमच्या कपाच्या कानाकडे बघू शकत नव्हती ती वर्षभर तिथे बसली. पुढच्या बाकांवरून वळून मुलं नाक धरून त्यांची नक्कल करत होती. त्यांना ते दिसत होतं.

त्या दिवशी तिथल्या मास्तरांनी त्यांची पेटी चालू केली. आमच्या पेटीची सख्खी बहीण असावी, वासावरून. मुलींनी वळून बाईंकडे पाहिलं. आता हुकूम येणार, असं मलाही वाटलं. बाई उठून पेटीजवळ गेल्या. पदर खाली घेऊन त्यांनी चांगला दीर्घ श्वास घेतला. "एक चकती जायला आलीय, बदलून घ्या," मास्तरांना म्हणाल्या. "बाकी राहू द्या. चालतंय." आणि परत बाकावर जाऊन बसल्या.

विमल पास झाली, बाहेरगावी नर्सिंगला जायचं ठरलं. त्याच सुमाराला बाईंच्या भावाची कचेरी अखेर भोपाळला हलली, आणि बाईही निघाल्या. मी स्टेशनवर पोचवायला गेले होते. फलाटाचं वर्णन करत नाही. माशा होत्या, एवढं पुरे. बाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर परात, जुन्या धोतरात बांधलेली. गाडी सुटायच्या बेतात असताना विमल आणि तिची आई धावत आल्या. आईने पदराखालून एक पुडकं काढलं, वर्तमानपत्राचं, तुपाने डागाळलेलं, आणि खिडकीतून आत धरलं.

"गुजिया आहेत," ती म्हणाली. "तुमच्यात करंजी म्हणतात. घरच्या आहेत. नको असतील तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. पाण्याचा पेला मधे उभा होता.

बाईंनी पुडकं घेतलं. उलगडलं. त्यांची नखं मला ठाऊक होती. मी विमलच्या आईच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवून दुसरीकडे मान वळवली, आणि मग राहवलं नाही म्हणून पुन्हा वळले.

गाडी हलली होती. बाईंनी गुजिया मोडली नव्हती. अख्खी तोंडाशी धरून त्यांनी मोठा घास घेतला. मावा ओठांना लागला, चुरा पातळावर सांडला, आणि त्या आमच्याकडे बघत तशाच चावत राहिल्या. चुरा झटकला नाही. वळणावर डबा दिसेनासा होईपर्यंत नाही.